ओठांतल्या टाचण्या

मास्टर रोज सकाळी दुकानाचं दार उघडण्याआधी टाचण्या ओठांत धरत. आधी टाचण्या, मग कडी. हाताशी टाचायला कापड असो नसो, बाहेर गिऱ्हाईक उभं असो नाहीतर रस्ता ओस पडलेला असो, हा क्रम बदलत नसे. मशीनच्या उजव्या अंगाला लाल मखमलीची, शिवणीतून भुसा डोकावणारी एक छोटी गादी होती. तिच्यातून ते एकेक टाचणी उपसत आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ओळीने लावत. मग कडी काढत.

ओठांत टाचण्या असलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही. शिंप्याने नुसतं "हं" केलं, भुवई उडवली, तरी गिऱ्हाईक समजून घेतं. उलट म्हणतं, "असू दे, असू दे मास्टर, तुमचं चालू द्या." गल्लीतली पोरं त्यांना टाचणीकाका म्हणत. एका आगाऊ पोरीने एकदा विचारलंही होतं, "टाचणीकाका, जेवताना तरी काढता का हो?" मास्टरांनी गंभीर चेहऱ्याने नकारार्थी मान हलवली, आणि ती पोर घाबरून घरी पळाली. त्या दिवशी मास्टर हसले होते. टाचण्या सांभाळून, नाकातून.

मास्टर तोतरे होते. गल्लीत हे फार थोड्यांना ठाऊक होतं, कारण दुकानात बोलायचं खातं बायकोकडे होतं. मापं मास्टर घेत, बाकी सगळं ती. म्हणून लोक तिला मास्टरीण म्हणत. ती काही जन्माची बडबडी नव्हती. पण दोन माणसांचं बोलणं एकाच तोंडाने करायचं म्हटल्यावर जीभ आपोआप लांबते.

तोतरं बोलणं म्हणजे लोकांना वाटतं तसं नुसतं अक्षर गिरवणं नव्हे, हे तिने जवळून पाहिलं होतं. शब्द आठवत नाही असं मुळीच नसे. शब्द आत तयार असे, इस्त्री करून घडी घातलेला. फक्त दाराला आतून कुणीतरी खांदा लावून उभं असल्यासारखं होई. मग मास्टरांचा जबडा एका बाजूला सरके, डोळे मिटत, गळ्याची शीर ताठ होई. तेवढ्या वेळात समोरचा माणूस छताकडे तरी बघे, हसू तरी दाबी. काहीजण मदत करत. मदतीचा मास्टरांना सर्वांत जास्त त्रास होई.

त्यातून नशिबाची थट्टा अशी, की 'क' हा त्यांचा जन्माचा वैरी आणि धंदा शिंप्याचा. कापड, कात्री, काज, कॉलर, कफ, कंबर!

"त्यापेक्षा न्हावी व्हायचं होतं," लग्न नवं असताना मास्टरीण एकदा म्हणाली होती.

मास्टरांनी त्यावर पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाले, "तिथेही क... क... केस."

दोघंही पोट धरधरून हसली होती.

कात्रीला ते 'दोन पायांची' म्हणत. कंबरेला 'मधलं माप', काजाला 'बटणाचं घर'. झिजलेला कोट उसवून, कापड उलटं करून पुन्हा शिवतात, तशी सगळी भाषाच त्यांनी उलटवून शिवून घेतली होती. बाहेरून धड दिसावी. आतली झीज आपली आपल्याला ठाऊक.

पण प्रत्येक शब्दाला अस्तर मिळत नाही. स्वतःच्या नावाला मिळत नाही. दिवसांनाही मिळत नाही. "मास्टर, कधी येऊ न्यायला?" असं सुरुवातीच्या काळात कुणी विचारलं की त्यांच्या मनात 'परवा' असे. ओठ 'प'साठी मिटत ते मिटूनच राहत. गिऱ्हाईक बघतंय, त्याच्या मागे दुसरं ताटकळलंय. मग मास्टर सुटका करून घेतल्यासारखे म्हणत, "उद्या." 'उद्या' बिनबोभाट निसटून जाई. आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द खरा करायचा म्हणून ते जेवण अर्धं टाकून मशीनवर बसत. बाजारात त्यांचं नाव झालं. दुसरे शिंपी आठवडा लावतात, आपले मास्टर उद्याच देतात. एका 'प'पायी माणूस झोप जाळतो, हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

"अहो, मी सांगत जाईन ना परवा," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही कशाला मध्ये पडता?"

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती या दुकानात आली ती काज-बटणाच्या कामाला. तेव्हा मास्टर तरुण होते आणि गल्ल्यावर त्यांचे वडील बसत. एका दुपारी वडील जेवायला गेलेले असताना मास्टर तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि 'म'वर अडकले. ती हातातली बाही मांडीवर ठेवून बसून राहिली. छताकडे बघितलं नाही, हसली नाही, शब्द पुरवला नाही. "होऊ दे सावकाश," म्हणाली, "मी कुठे पळून चाललेय?" रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज वळणापलीकडे विरला, तेव्हा कुठे वाक्य आलं. फार मोठं नव्हतं. पण एवढी वाट बघायला लावून आलेलं वाक्य खोटं असणार नाही, असं तिला वाटलं. घरच्यांनी विचारलं, काय बघितलंस त्याच्यात, तर तिने ठोकून दिलं, "तोलूनमापून बोलणारा माणूस आहे."

पुढे संसार आला. दूध उतू जात असतं, इस्त्री तापलेली असते, दारात कुणी उभं असतं. वाट कोण बघणार? पहिलं अक्षर आलं की उरलेलं ती पुरं करू लागली. "प..." "पाणी? हे घ्या." "अ..." "अस्तर कालच आणलंय, फळीवर आहे." बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर येई. चुकला तर मास्टर मान डोलावत आणि जे मिळालं ते घेत. तहान नसताना त्यांनी किती पेले पाणी प्यायलं असेल, कोण जाणे.

लेक झाली. नाव मास्टरणीनेच ठेवलं, मोठ्या हौसेने, आणि नेमकं 'क'वरून ठेवलं. आनंदाच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नाही. मास्टर काही म्हणाले नाहीत. लेकीला बोलावताना ते कात्री हवेत दोनदा वाजवत, कच् कच्, आणि ती चिंध्यांच्या ढिगातून रांगत बाहेर येई. नवल म्हणजे त्या तान्ह्या पोरीशी ते घडाघडा बोलत. एकही अक्षर अडत नसे. मास्टरीण दुकानामागच्या घरातून, पडद्याआडून ऐके आणि पोळपाटावरचा हात थांबवी. दुकानात येत मात्र नसे. ती आली की ते बोलणं पुन्हा अडखळू लागे, हे तिला कळून चुकलं होतं.

लेक चार वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ती आईचा पदर ओढत म्हणाली, "आई, म-म-म-मला ते दे ना."

मास्टरणीच्या हातातली बशी हातातच राहिली.

"झालं!" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "उचललं हिने बापाचं. खोकल्यासारखं असतं हे, एकाचं दुसऱ्याला लागतं. याला तरी कुणाचं लागलं? माझ्या भावाचं. दिवसभर मामाच्या मांडीवरून उतरत नसे कार्टं. मीच बसू दिलं."

"अहो, हळू बोला."

"हळू काय बोला? पोरीची जात आहे. उद्या कोण ऐकून घेणार तिचं?"

पडद्यापलीकडचं मशीन केव्हाच थांबलं होतं.

लेक झोपल्यावर मास्टर बायकोला म्हणाले, "ति... तिच्यासमोर मी नाही बोलणार." ती म्हणाली, "बरं." बापाने लेकीसाठी काही सोडायचं ठरवलंय, तर आपण आडवं का यावं, एवढंच तिच्या मनात आलं. मास्टर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. ती आणखी काही म्हणेल असं त्यांना वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी टाचण्या ओठांत धरल्या आणि मग कडी काढली. लेक नेहमीसारखी मशीनखाली येऊन बसली. "बाबा, काल कुठे आलो होतो आपण गोष्टीत?" तिने विचारलं. मास्टरांनी ओठांकडे बोट दाखवलं. टाचण्या आहेत ना, कसं बोलू?

आणि वाईट असं झालं, की उपाय लागू पडला.

वर्ष पुरं व्हायच्या आत लेकीची जीभ मोकळी झाली. आधी अडखळणं कमी झालं, मग क्वचित कधीतरी, मग नाहीच. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मी सांगत नव्हते?" मास्टरीण समाधानाने रडली. मास्टरांना मात्र आता परतीची वाट उरली नाही. औषधाने गुण आला की औषध सोडायला धीर होत नाही. लेकीला यातलं काही सांगायचं नाही, असंही ठरलं. दुखणं आठवून दिलं तर परत लागेल, ही भीती होती. सासूबाई पुढे वारल्या, पण ठरलेलं ठरलेलंच राहिलं.

मास्टर लेकीशी अजिबात बोलत नसत असं नाही. "हं" होतं, "जा" होतं, "ये" होतं. कात्रीची हाक होती. शाळेच्या गणवेशाला त्यांच्यासारखा हात आख्ख्या वर्गात कुणाचा नव्हता. पण बाप म्हणून चार वाक्यं सलग म्हणावीत, तसं काही नव्हतं. लेकीने त्याचा आपल्यापरीने अर्थ लावला. लहानपणी तिला वाटे, बाबा रागावलेत. मोठी झाल्यावर वाटू लागलं, बाबांना आपल्यात रसच नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात कोट चढवून बघायचा एक पुतळा होता, लाकडी पायाचा, बिनडोक्याचा. एकदा लेक शाळेतून लवकर आली आणि तडक आत येऊन दप्तर आपटून म्हणाली, "आई, बाबा पुतळ्याशी बोलत होते."

"कामाचं पुटपुटत असतील."

"पुटपुटत नव्हते, चांगलं बोलत होते! माझा निबंध पहिला आला, त्याबद्दल. मी दारात दिसले, तर टाचण्या तोंडात." ती मोरीवर हातपाय धुवायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "माझ्या निबंधाचं त्या पुतळ्याला काय करायचंय गं?"

"आधी जेव."

"त्याला डोकं नाही म्हणून त्याच्याशी बोलतात का? मीही कापून ठेवते माझं."

"तोंडाला काही हाड आहे का तुझ्या!"

"नाही ना," लेक म्हणाली. "घरात कुणाच्या तरी तोंडाला नसायला हवं."

मास्टरणीने त्या वेळी तिला सगळं सांगितलं असतं तर? हा प्रश्न तिने पुढे स्वतःला फार विचारला. पण त्या वेळी लेकीचं ते फटाफट, न अडता येणारं बोलणं ऐकून तिला आतून बरंच वाटत होतं. याच्यासाठीच तर सगळं चाललंय, असं तिला वाटत होतं.

लेक शिकली. मोठ्या शहरात नोकरीला लागली, तीही फोनवर बोलण्याची. दिवसभर अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड आवाजात उत्तरं द्यायची. मास्टरीण शेजारपाजारी कौतुकाने सांगे. मास्टर ऐकत आणि मशीनचं चाक हाताने उगाच अर्धं फिरवत. लेकीने तिकडेच लग्न केलं. रविवारी तिचा फोन येई.

"बाबा आहेत?"

"हे काय, इथेच आहेत."

"काय म्हणतात?"

"बरे आहेत म्हणतात."

मास्टरांनी काही म्हटलेलं नसे.

मग नात झाली. ती बोलू लागली, बडबडू लागली, आणि चौथ्या वर्षी अडखळू लागली. सुट्टीत लेक तिला घेऊन माहेरी आली. नात आल्याआल्या धावत दुकानात गेली आणि मशीनखाली घुसली, जणू ती जागा कुणीतरी तिच्यासाठी राखून ठेवली होती. "आ-आ-आजोबा, हे क-काय आहे?" तिने चिंध्यांतून विचारलं. मास्टरांचा पाय मशीनच्या पॅडलवरच थिजला.

मास्टरणीने लेकीला आत ओढून घेतलं. "हिला यांच्याजवळ फार बसू देऊ नकोस."

"का?"

"नको म्हणते ना."

"अगं पण का?"

मग सगळं बाहेर आलं. सासूबाई, मामा, बशी, टाचण्या. मास्टरीण घाईघाईने सांगत होती, जसं एखादं घरगुती औषध सांगावं, आणि शेवटी म्हणाली, "तुला गुण आला ना? मग हिलाही येईल."

लेक भिंतीला टेकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेली, आणि आईलाही हट्टाने बरोबर नेलं. थेरपिस्ट लेकीपेक्षाही लहान होती, पायांत साध्या चपला. तिने नातीसमोर जमिनीवर बसकण मारली, ठोकळे रचले, नात अडखळली की ठोकळ्यावरचा हात तसाच ठेवून तिच्या तोंडाकडे बघत थांबली, आणि बोलणं पुरं झाल्यावरच पुढचा ठोकळा ठेवला. मास्टरणीला एकदम काज-बटणाचे दिवस आठवले. मांडीवर बाही घेऊन आपणही असंच बसलो होतो.

"हे कुणाचं ऐकून लागत नाही," थेरपिस्ट लेकीला म्हणाली. "घराण्यात असू शकतं, रक्तातून येतं. मेंदू आणि जीभ यांची बोलताना जी जुळणी लागते, तिच्यातली ही गोष्ट आहे. यात ना हिची चूक, ना तुमची. या वयात पुष्कळ मुलं अडखळतात. बहुतेकांचं आपलं आपण जातं. काहींचं राहतं. हिचं जाईल की राहील हे आज मी सांगू शकत नाही. आपण काम करू. घरी एवढंच करा, तिला पुरं बोलू द्या. 'सावकाश बोल' म्हणू नका, शब्द पुरवू नका. थांबा."

मास्टरीण इतका वेळ पिशवीचे बंद पिळत बसली होती. तिने विचारलं, "समजा, घरात एखाद्याला हे असेल, आणि मुलाला लागू नये म्हणून त्याने मुलासमोर बोलणंच बंद केलं, तर?"

"त्याने काही होत नाही, आजी."

"पण मूल बरं झालं तर?"

"ते तसंही झालं असतं." थेरपिस्टला काहीतरी कळलं असावं, कारण पुढचं ती हळू म्हणाली. "मूल फक्त त्या माणसाच्या बोलण्याला मुकतं."

परतताना बसमध्ये नात आईच्या मांडीवर झोपली. लेक खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर लेक सरळ दुकानात गेली. मास्टर एका कोटाच्या खांद्याला टाचण्या लावत होते. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, मला आईने सांगितलं. आज डॉक्टरांनाही विचारलं. मला तुमच्यामुळे काही झालं नव्हतं." तिचा आवाज तिच्या नोकरीतला राहिला नव्हता. "आणि बरंही तुमच्यामुळे झालं नाही. ते व्हायचंच होतं. तुम्ही उगाच... बाबा, आता बोला. काहीही बोला. मी बसलेय."

मास्टरांनी कोट खाली ठेवला. ओठांतली एक टाचणी काढली, लाल गादीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटची काढल्यावर ओठांच्या कोपऱ्यात, जिथे त्या वर्षानुवर्षं असत, तिथे एक बारीक खळगा दिसला. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

जबडा एका बाजूला सरकला. डोळे मिटले. गळ्याची शीर वर आली. आवाज नव्हता, नुसता अडलेला श्वास होता, आणि कुठल्या अक्षराला तो अडलाय हेही कळत नव्हतं. लेक थांबली होती. बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. मास्टरांच्या कपाळावर घाम आला. ओठ थरथरले, आणि आतून काहीतरी निघाल्यासारखं झालं: "च..."

"अगं, चहा घे म्हणतायत," पडद्यात उभी असलेली मास्टरीण म्हणाली.

म्हणून गेली आणि तिचा हात आपल्याच तोंडावर गेला.

मास्टरांनी डोळे उघडले. बायकोकडे बघितलं. रागाने नाही, ते कधी रागावत नसत. त्यांनी मान डोलावली, हो, चहाच, असं. मग त्यांचा हात सवयीने लाल गादीकडे गेला.

"बाबा, नाही. पुरं करा ना. काय म्हणत होता?"

त्यांनी कोट उचलला आणि खांदा पुन्हा टाचायला घेतला. मास्टरणीने चहा ठेवला. तिघांनी तो प्यायला. कुणालाच नको होता.

सुट्टी संपली, लेक गेली. तिने रविवारचे फोन सोडले नाहीत. आता ती म्हणे, "आई, त्यांनाच दे." मास्टर रिसीव्हर कानाला लावत. फोनवर तर भुवईही उपयोगाची नाही. पलीकडे लेक थांबलेली असे. दिवसभर लोकांना 'कृपया थांबा' म्हणणारी ती, स्वतः थांबलेली. इकडे मास्टरांचे श्वास चढत, अडत. कधीकधी एखादं अक्षर तुटून पडे. मग मास्टर रिसीव्हर बायकोच्या हातात देत आणि मागच्या दाराशी जाऊन उभे राहत. इतक्या वर्षांचं साचलेलं एका 'हॅलो'च्या भोकातून काढायचं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यातलीच गत.

मास्टरीण आता शब्द पुरवायचं टाळू लागली. जीभ चावे, पाठ फिरवी, तरी निम्म्या वेळा तोंडातून निघूनच जाई. सबंध आयुष्याची सवय, ती काय कॉलर आहे, उसवली आणि दुसरी लावली? मास्टरही पुतळ्याशी बोलेनासे झाले होते. पडद्याआडून ती कान देऊन ऐके. नुसतं मशीन.

एका दुपारी तेही थांबलं. मास्टरणीला वाटलं, दोरा तुटला असेल. दोरा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिने जाऊ दिला. मग आणखी थोडा. मग ती पडदा सारून बाहेर गेली. मास्टर मशीनवर डोकं टेकून होते, आणि टाचण्या त्यांच्या ओठांतून सुटून कापडावर पडल्या होत्या.

लेक आली. माणसं येऊन गेली. ज्यांचे कपडे मास्टरांकडे शिवायला होते, ते दारातूनच परत गेले. घर शांत झाल्यावर लेक दुकानात जाऊन मास्टरांच्या स्टुलावर बसली. नात मशीनखाली चिंध्या लावत होती. तिचं अडखळणं गेलं नव्हतं. "आ-आई, आ-आजोबा कात्री क-क-कशी वाजवायचे?" तिने विचारलं. लेक तिच्याकडे बघत थांबली, वाक्य पुरं झालं, आणि मग तिने कात्री उचलून हवेत दोनदा वाजवली.

मास्टरीण पडद्याला धरून उभी होती.

"आई," लेक म्हणाली, "त्या दिवशी ते 'च'वर अडले होते. पुढे काय होतं?"

"नाही गं माहीत."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. एकदा नाही, पुष्कळदा. 'चहा' म्हणाले."

लेक बराच वेळ कात्रीची पाती उघडमीट करत राहिली. "मग शेवटचं काय बोलले ते सांग. कुणाशीही असू दे."

"शेवटचं असं काय... रोजचंच. गेले त्या सकाळी ती बँकेतली बाई आली होती, कोटाचं विचारायला. मी कोपऱ्यात सुई ओवत होते, दोरा माझ्या दातांत होता. नाहीतर मीच सांगितलं असतं तिला. मला काही बोलताच येईना, म्हणून ते बोलले. परवा या म्हणाले."

"परवा?" लेकीने मान वर केली. "बाबा परवा म्हणाले?"

"हो. उद्या होणार नाही म्हणाले."

"असं नाही, आई. ते म्हणाले तसं सांग."

मास्टरणीला आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांच्या वाटचं ती आयुष्यभर बोलत आली होती, सगळं सरळ करून, सुरकुत्या काढून. त्यांच्यासारखं ती कधीच बोलली नव्हती. ती पुढे आली आणि पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिने ओठ मिटले. ते मिटलेलेच राहिले. लेक थांबली. मशीनखालची पोरही चिंधी हातात धरून थांबली. दारासमोरून कुणीतरी मोठमोठ्याने हसत गेलं, त्याची पावलं गल्लीच्या टोकाला पोचली, तेव्हा कुठे मास्टरणीच्या ओठांतून ते निघालं.

"प... प... प... परवा या. उद्या होणार नाही."